क्लच नसलेली गाडी

ड्रायव्हिंग स्कूल नवरा-बायकोचं होतं. तो पुरुषांना शिकवायचा, ती बायकांना. चढावर गाडी बंद पडली की तिच्या निम्म्या विद्यार्थिनी रडकुंडीला यायच्या आणि पुन्हा तोंड दाखवायच्या नाहीत. म्हणून इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं तिने मनावर घेतलं.

"क्लच नाही ती कसली गाडी?" नवरा म्हणाला. "कोण विचारतंय तिला?"

"तेच बघू," म्हणत तिने शोरूम गाठलं. तिथला सेल्समनही वैतागलेला. लोक गाडीभोवती फिरायचे, वाटेत चार्जिंग संपलं तर काय, एवढं विचारून निघून जायचे. बायकांना चालवून बघायला गाडी आणा, असं तिने म्हणताच सुट्टीच्या दिवशी सकाळी तो आनंदाने स्कूलच्या मैदानावर गाडी घेऊन हजर झाला.

बायका जमल्या, पण पुढे कोणी होईना. तेवढ्यात चष्मा सावरत सासूबाई आल्या.

"सरका, मी बसते."

"आई, तू?" मुलगा ओरडलाच. त्याने कधीकाळी त्यांना शिकवायला घेतलं होतं. चढावर गाडी मागे घसरली आणि मायलेकांनी त्या विषयालाच हात जोडले होते.

"परवाच शिकाऊ परवाना काढलाय गुपचूप. सूनबाई, तू शेजारी ये."

गाडी कधी निघाली कळलंच नाही. मैदानाला एक फेरी मारून सासूबाई थेट पुलाकडे वळल्या. नेमका ऐन चढावर पुढचा ट्रक थांबला. मागे हॉर्नचा नुसता कल्ला.

"आता गं?"

"काही नाही आई. ट्रक हलला की ब्रेक सोडा आणि हळूच अॅक्सिलरेटर दाबा."

ट्रक हलला. तसूभरही मागे न सरकता गाडी अलगद वर चढली.

"अगं, गेली! गेली की!" सासूबाई इतक्या जोरात ओरडल्या की शेजारचा स्कूटरवाला दचकला.

मैदानावर परतल्यावर त्या खाली उतरायलाच तयार होईनात. मग मात्र "आधी मी, आधी मी" म्हणत बायकांची झुंबड उडाली. सेल्समनने घाईघाईने फोन लावला, "साहेब, अजून एक गाडी पाठवा! आणि बुकिंगला माणूसही!"

नवरा डोकं खाजवत म्हणाला, "हायब्रिड घेऊ या का? निदान पेट्रोल तरी भरता येईल."

"घ्या की," सेल्समन म्हणाला, "पण क्लच तिलाही नाही हं."

बायका खो खो हसल्या. नवरा तणतणत स्टिअरिंगवर बसला. "हा डावा पाय ठेवू कुठे?"

"मांडी घाल!" मागच्या सीटवरून आई म्हणाली.

एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला त्याने काच खाली केली आणि बायकोला हाक मारली, "अगं, काय पळते ही!"

त्याच दुपारी दोघं बुकिंगला गेली, तर त्यांच्याच विद्यार्थिनी रांगेत पुढे. गाडी मिळायला काही महिने लागणार होते. नवरा हिरमुसला. तिला मात्र हसू आवरेना. रांगेतल्या एकेकीला ती विचारत होती, "कुठला रंग घेतेस गं?"