पाठीवरची कडी

ऑफिसातल्या हेडक्लार्कच्या टेबलाचा खालचा खण कायम कुलूपबंद असे. दोन वर्षांपूर्वी त्याच खणात त्यांनी मुलीचं एक पत्र दडवलं होतं. पवनचक्क्यांच्या तंत्रज्ञ प्रशिक्षणासाठी तिची निवड झाल्याचं. "तुझं नाव लागलं नाही," असं तिला सांगून ते मोकळे झाले. शिकलेल्या मुलीने पाना-पक्कड घेऊन शिड्या चढायच्या, म्हणजे चारचौघांत नाकच कापलं जायचं! मुलगी हिरमुसली आणि कुठेशी फायली लावायला जाऊ लागली.

तिला हे वेड लावलं होतं तिच्या मामाने. मामा टेकडीवरच्या पवनचक्क्या दुरुस्त करायचा. वर जायचं ते दोघांनीच, असा तिथला नियम. अंगावरच्या पट्ट्याची एक कडी पाठीवर येते, ती आपली आपल्याला दिसत नाही. म्हणून चढण्याआधी एकाने दुसऱ्याची कडी ओढून बघायची.

टेकडीवर चक्क्या वाढत गेल्या, चढणारी माणसं मात्र वाढली नाहीत. मामाच्या जोडीदाराची जागा वर्षभर रिकामी होती. जाहिराती देऊनही हे काम शिकलेलं माणूस मिळेना. एका मंगळवारी चक्की बंद पडली आणि मामा एकटाच चढला. कडी नीट बसली नव्हती; तो वरून पडला.

मामा वाचला, पण पाय कायमचे गेले. हॉस्पिटलात हेडक्लार्क कंपनीच्या नावाने बोटं मोडू लागले.

"कंपनी चुकली, मीही चुकलो," मामा म्हणाला. "पण भावोजी, उद्या याच्या दुप्पट चक्क्या उभ्या राहतील. त्या चालवायला माणसं कुठून आणणार? वीज सगळ्यांना हवी, फक्त आपल्या घरातलं कुणी चढायला नको. पोरीचं नाव लागलं असतं, तर त्या दिवशी ती असती माझ्यासोबत."

हेडक्लार्कना राहवेना. "लागलं होतं," ते कसेबसे म्हणाले. "पत्र मी लपवलं."

मुलगी उशाशीच उभी होती. ती रडली नाही, ओरडली नाही.

"मामा पडला नसता, तर सांगितलं असतंत का, बाबा?"



त्या वर्षी तिने स्वतः अर्ज भरला. निवड झाली. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी हेडक्लार्क सोबत गेले, चाकाच्या खुर्चीतला मामाही गेला. त्याने खुणावलं तसं हेडक्लार्कनी मुलीच्या पाठीवरची कडी ओढून पाहिली. पक्की होती. मामा मान वर करून उंच पात्यांकडे बघत राहिला.

वाचकहो, हाताच्या कामाला आपण हलकं म्हणतो, तेव्हा कुणाला तरी एकटंच वर पाठवत असतो.