घरातलं नाव

उमरग्याजवळच्या सहकारी साखर कारखान्यात सत्त्याऐंशी साली संगणक आला. काचेची खोली, आत थंड हवा, चपला बाहेर काढून जायचं. त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता, ऊस उभ्याउभ्या वाळत होता. कुणाच्या शेतात तोडणीची टोळी आधी जायची, ती यादी आता यंत्रात होती. ती उघडायचा परवलीचा शब्द संगणक चालवणाऱ्या एकट्या जगदेवीला ठाऊक. "कुलूप पक्कं आहे," पुण्याचा इंजिनियर बजावून गेला होता, "शब्द तेवढा कुणाला सांगू नका."

शब्द म्हणजे तिच्या भावाचं, मल्लिकार्जुनचं, घरातलं नाव. तो बहात्तरच्या दुष्काळात हायवेवरच्या ट्रकात चढून हैदराबादकडं गेला, तो गेलाच. रोज सकाळी ती पाच इंग्रजी अक्षरं दाबताना तिला त्याला हाक मारल्यासारखं वाटे; हे ती एकदा डबा खाताना चारचौघांत बोलूनही गेली होती.

एका दुपारी शेतकी विभागातला कारकून बंडप्पा डबा घेऊन तिच्या शेजारी बसला.

"जगदेवीबाई, हैदराबादला तुमच्या भावासारखा माणूस बघितला. पोती उतरवत हुता."

तिचा घास हातातच राहिला. "लंगडत हुता?"

"व्हय, जरा."

"डाव्या पायानं?"

"डाव्याच. पुन्हा गेलो की हाक मारून बघतो. घरात काय म्हणायचा त्याला?"

"गुंडू," ती म्हणाली. किती वर्षांनी ते नाव कुणी विचारलं होतं!

आठवड्यानं तिनं यादी उघडली, तर बंडप्पाच्या सासऱ्याचा ऊस सत्तेचाळिसाव्या नंबरावरून तिसऱ्यावर. ती जेवायला गेली की खोलीत कुणी नसे. डबा खाताना बंडप्पानं विचारलेलं नाव तिला आठवलं.

ती तडक मॅनेजरकडं गेली. "शब्द माझ्याच तोंडून गेला, साहेब."

यादी पूर्ववत झाली. बंडप्पाला घरी बसवलं. जगदेवीनं शब्द बदलला. नवा शब्द कुणाचंच नाव नव्हतं.

चार दिवसांनी ती बंडप्पाच्या दारात उभी राहिली.

"भांडायला आले न्हाय. खरं सांगा, बघितला हुता का त्याला?"

बंडप्पानं मान खाली घातली. "म्या हैदराबादला गेलोच न्हाय, बाई."

"मग पाय?"

"तुमीच बोलला की."

घरी आई, उमाबाई, वाटच बघत होती. "विचारलंस का गं? केस पिकलेत का त्याचे?"

जगदेवी तिच्याजवळ बसली.

"कानाजवळ थोडे पिकलेत म्हणं, अव्वा."