डॉक्टरांनी दाराशी बसावं

थांबा, एवढी एक गिरकी पुरी होऊ द्या. हं, आता बोलते. मी खुर्ची. आजाऱ्यांना ढकलत नेतात ती नव्हे हं. दवाखान्यात डॉक्टर बसतात ना, ती गरगर फिरणारी. पाच पाय आणि पाचांनाही चाकं. जन्मतःच पायाला भिंगरी!

कारखान्यातून निघताना वाटलं होतं, एखाद्या साहेबाच्या पदरी पडेन आणि मस्त डुलक्या काढेन. कसल्या डुलक्या! इथे नऊला डॉक्टर मॅडम बसल्या की दोनपर्यंत नुसती पळापळ. मॅडम तरुण, काटकुळ्या आणि उठायचा भारी कंटाळा. रोग्याकडे जायचं तर भिंतीला पाय लावून मला रेटायच्या. मला गुदगुल्याच व्हायच्या.

माझी जागा खिडकीखाली. पुढे टेबल, पलीकडे रोगी, त्याच्यामागे त्याची माणसं आणि सगळ्यात शेवटी दार. एकदा मोठ्या सिस्टर कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आल्या आणि त्यांनी माझी नि रोग्याच्या खुर्चीची अदलाबदलच करून टाकली.

"डॉक्टर दाराशी, रोगी खिडकीशी. कोणी अंगावर आलं तर मॅडमना बाहेर पडता आलं पाहिजे."

मॅडम हसल्या. "सिस्टर, माझ्या अंगावर कोण येतंय?"

झाडलोट करणाऱ्या मावशींना मात्र हे मुळीच रुचलं नाही. एवढ्या शिकलेल्या बाईने दाराशी बसायचं, चपला राखल्यासारखं? रोज सकाळी फरशी पुसली की त्या मला गुपचूप खिडकीखाली नेऊन ठेवायच्या. सिस्टर आल्या की मी पुन्हा दाराशी. दोघींची ओढाताण, आणि मला फुकटची सफर! मी आपली खिदळत होते. खिदळायला नको होतं.

त्या दिवशी सिस्टर रजेवर होत्या, म्हणून मी खिडकीखालीच राहिले. म्हाताऱ्या वडिलांना घेऊन एक माणूस आला. बाहेर दोन तास बसला होता. मॅडम अपघाताच्या रोग्यात अडकल्यात, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आत शिरला तो तळपायाची आग मस्तकात घेऊनच.

"म्हातारा मेल्यावर बघणार का?"

"बसा, आधी त्यांना बघू या," मॅडम म्हणाल्या.

त्याने टेबलच ढकललं. माझी पाठ भिंतीला टेकली. माझी तर पाचावर धारण बसली! आता पळायचं कुठून? दार त्याच्यामागे. त्याने रक्तदाबाचं यंत्र उचलून मॅडमच्या अंगावर फेकलं. मावशींच्या किंकाळीने माणसं धावली, त्याला धरलं, पण तोवर मॅडमचं मनगट मोडलं होतं.

महिनाभर मॅडम फिरकल्या नाहीत. नोकरी सोडणार, असं सगळे म्हणायला लागले. त्यांच्या जागी आलेले डॉक्टर असे बसायचे की मी हललेच नाही. मला गंजल्यासारखं झालं.

आणि मावशी? दुसऱ्याच सकाळी त्यांनी मला दाराशी आणलं. "सिस्टर, इथेच ना? का अजून थोडी इकडे?" विचारता विचारता त्यांना रडू फुटलं. "मी मान द्यायला गेले हो." तेव्हापासून त्या दर अर्ध्या तासाने बाहेर जाऊन बाकांवरच्या माणसांना सांगतात, "आत वेळ लागतोय, का ते ऐका." आवाज असा की झोपलेलेही ऐकतात.

मग एका सोमवारी मॅडम आल्या. हातात राजीनाम्याचं पाकीट. खोलीच्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"बसून तर बघा," मावशी म्हणाल्या.

बसल्या! मी आनंदाने करकरले. मॅडमनी हळूच हात मागे नेला. हाताला उघडं दार लागलं. पुन्हा नेला, पुन्हा लागलं. बाहेर एक आजी खोकत होत्या. मॅडमनी पाकीट पर्समध्ये टाकलं आणि हाक मारली, "पुढचे कोण? या आत."

तर मंडळी, तुम्हीही या. खिडकीखालची खुर्ची तुमची. वाराही तिथेच छान लागतो. उशीर का झाला ते खुशाल विचारा, चिडचिड झाली तर तीही सांगा. फक्त माझ्या मॅडमच्या आणि दाराच्या मध्ये उभं राहू नका.