न आलेले सात घोडे

साठ किलोमीटरच्या आमच्या घोडदौडीचं गणित साधं आहे आणि म्हणूनच जीव खातं. वीस घोडे येवोत की चाळीस. रस्त्याच्या खुणा, रुग्णवाहिका आणि घोड्यांचे डॉक्टर यांचा खर्च तेवढाच. चाळीस प्रवेश आले तर तोंडमिळवणी. एकही कमी पडला तर यंदाची दौड शेवटची, असं मी घरात बजावून ठेवलं होतं.

आले बरोबर चाळीस. तिथेच पाल चुकचुकली.

सकाळी दौड सुटताना मोजले तर तेहतीस. सातजण फिरकलेच नाहीत, आणि फी परत मागायला एकाचाही फोन नाही! पैसे भरून घरी बसणारा घोडेवाला मी अजून पाहिलेला नाही.

"वहिनी, पैसे आलेत ना? मग हसा की जरा," दीर म्हणाले. वाटेवर खुणेच्या फिती बांधणं त्यांचं काम, मला चिडवणंही.

"भाऊजी, आयत्या पैशाचा मी आधी वास घेते."

संशय डॉक्टरांवर होता. सगळ्यात मोठा खर्च त्यांचाच, आणि दोन वर्षं विनवूनही माणूस फीतली दमडी सोडेना. दौड टिकली तर फी टिकणार. आकडा यांनीच फुगवला नसेल कशावरून?

दुपारी ते सात अर्ज काढले. 'विश्रांतीतली नाडी' हा रकाना आमचे स्वार कोराच सोडतात. इथे सहा अर्जांवर छत्तीस, अडतीस, चौतीस असे चोख आकडे.

तपासणीच्या तंबूत डॉक्टर एका घोडीच्या छातीला नळी लावून उभे होते.

"हे घोडे कुणाचे?" मी अर्ज पुढे धरले.

"थांबा, मोजतोय." घड्याळाकडे बघत त्यांनी मिनिट पुरं केलं. "बहात्तर. चौसष्टच्या वर चालत नाही. ही बाद."

मालक तणतणत घोडी घेऊन गेला.

"बघितलंत? स्वस्तात आलो असतो तर म्हणाला असता, मैत्रीखातर आलाय आणि रुबाब बघा. मीही भिडेपोटी सोडली असती. म्हणून फी पुरी घेतो. नंतर त्या पैशाचं काय करायचं, ते माझं मी बघतो."

"सगळी परत देता?"

"छे! एवढा संत नाही मी. सहा घोड्यांपुरती."

"सहाच?"

सातवा अर्ज उघडला. नाडी: 'एकदम ठणठणीत'. तंबूबाहेर दीर एकाच खांबाला तिसऱ्यांदा फीत बांधत होते.

"भाऊजी," मी हाक मारली, "पुढच्या वर्षीही फिती लागतील हं."

ते वळले नाहीत. कान तेवढे लाल झाले.