काठीची सवत

मी एक काठी बोलतेय. लाँगन नावाच्या फळझाडाच्या लाकडाची, मुठीशी बाकदार, टोकाला रबर. लुकांग गावातल्या एका सुतारानं बायकोचा गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा मला घडवलं. तो गेला, मी राहिले. माझ्या मुठीवर तिच्या अंगठ्याचा एक खळगा पडलाय. दुसऱ्या कुणाचा अंगठा त्यात नीट बसत नाही. हे मुद्दाम सांगतेय.

तिचं नाव सिउ-किम, पण सगळी गल्ली तिला आमा म्हणते, म्हणजे आजी. देवळात, बाजारात, संध्याकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली की पिशवी टाकायला, सगळीकडे आम्ही दोघी. मुलगा बूनलिआंग हात द्यायला आला की ती म्हणायची, "हात खिशात ठेव तुझा. मला ही आहे."

मग बूनलिआंगच्या डोक्यात आलं, आईसाठी परदेशातून घरात राहणारी बाई आणायची. त्यासाठी इस्पितळात दाखवावं लागतं, की म्हातारीला एकटीला काही जमत नाही. त्यानं आईला चांगलं पढवलं. पण परक्या माणसापुढे जायचं आणि आमा गबाळी जाईल? तिनं आदल्या दिवशी केस कुरळे करून आणले, जेडची बांगडी चढवली, आणि डॉक्टरांपुढे मला घेऊन वरमाईच्या तोऱ्यात चालली.

"आजी, आपल्या हातानं जेवता ना?"

"जेवते? रांधून तुम्हालाही वाढीन!"

अर्ज नामंजूर. "तुला काय दाखवायच्या कार्यक्रमाला नेलं होतं का गं आई?" बूनलिआंग घरापर्यंत करवादत होता. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

तो आनंद न्हाणीघरात संपला. ओल्या फरशीवर तिचा पाय सरकला, तेव्हा मी दाराबाहेर टेकून उभी होते. खुब्याचं हाड मोडलं. या खेपेला डॉक्टरांना काही विचारावंच लागलं नाही.

आणि ती आली. तुमिनाह. जावा बेटावरची, ठेंगणी, डोक्याला रुमाल, हसली की डोळे गायब. माझी सवतच म्हणा.

मी छत्र्यांच्या बादलीत गेले. तिथून सगळं दिसायचं, हीच तर शिक्षा. आमाला उठवताना ती आमाचा हात आपल्या खांद्यावर घ्यायची. माझा हात! रताळ्याची पेज भरवायची. आमा तिच्या ताटातला मिरचीचा ठेचा बोटानं चाखायची आणि दोघी नाक पुसत हसायच्या. एकीचं बोलणं दुसरीला अर्धंच कळायचं, तरी गप्पा संपत नव्हत्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा. हिची पेज एकदा तरी करपू दे, म्हणायचे. मेलीची पेज कधी करपली नाही.

त्याहून वाईट म्हणजे मला बादलीतून काढलं तेही तिनंच. "चला आमा, आळस पुरे!" रोज दुपारी मागच्या अंगणात आमाच्या एका हाताला मी, दुसऱ्या हाताला ती. हळूहळू आमा माझ्या एकटीच्या आधारानं चालू लागली. उपकार कुणाचे, तर सवतीचे!

मग तुमिनाहच्या कामाची मुदत भरली. तिला ठेवायचं तर आमाची पुन्हा तपासणी. आमा चालते असं दिसलं, तर तुमिनाहला हे घर सोडावं लागणार. तिनं आपली बॅग भरायला काढली. मी मात्र खूश होते. परका माणूस समोर आला की आमा मिरवल्याशिवाय राहायची नाही, मी तिला पक्की ओळखून होते.

निघायच्या गडबडीत तुमिनाहनं सवयीनं मला चाकाच्या खुर्चीला अडकवलं. चूक तिचीच, माझी नाही.

तपासणीच्या खोलीत मी आमाकडे पाहिलं आणि चरकले. हातात बांगडी नाही, केस विस्कटलेले, सदऱ्यावर पेजेचा डाग.

"आजी, उठून दाखवा बरं."

ती जेमतेम उठली आणि मटकन बसली. "नाही हो जमत."

"जेवण?"

"ही पोर भरवते." हनुवटीवर लाळ ओघळली, ती तिनं पुसलीसुद्धा नाही. माझ्या आमानं! परक्या माणसापुढे!

डॉक्टरांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला उचललं, खळग्यात अंगठा घालून पाहिला. "मग ही काठी कुणाची?"

तुमिनाहचा चेहरा पांढराफटक पडला. आमानं माझ्याकडे नीट, डोळे भरून पाहिलं.

"कुणास ठाऊक," ती म्हणाली. "मी नाही ओळखत हिला."

डॉक्टरांनी मला जागेवर अडकवलं आणि सही केली.

आता आम्ही फक्त मागच्या अंगणात चालतो, फाटक लावून. गल्लीत आमा खुर्चीतूनच जाते. कचऱ्याच्या गाडीचं गाणं मी बादलीतूनच ऐकते. त्या दिवशी घरी आल्यावर आमानं खळग्यावरून कितीतरी वेळ अंगठा फिरवला. "रुसलीस होय गं?" म्हणाली. हो, रुसले.

तुमिनाह मला खोबरेल लावते. मला तिचं तेल नको असतं. पण लावते छान.

तुमिनाह, तुझी मुदत पुन्हा भरेल. तू राहावीस असं माझ्या तोंडून यायचं नाही, एवढं मोठं मन मला कुणी दिलेलं नाही. एकच मागणं आहे. त्या दिवशी मला आठवणीनं घरी ठेवून जा. तुझ्यासाठी ती पुन्हा तेच म्हणेल, आणि ते मला ऐकवणार नाही.