बाटल्या भरायचं काम

तळ्याकाठच्या त्या बोट क्लबात सगळेच तिला मावशी म्हणत. वल्ही मारायला येणारी साठेक मुलंमुली, कोच, बोटींची डागडुजी करणारा सुतार, एवढंच काय, तिच्याहून पाच वर्षांनी मोठे असलेले सेक्रेटरीसुद्धा. खरी भाची मात्र त्यांच्यात एकच होती. थोरल्या बहिणीची मुलगी. हातपाय लांबच लांब, म्हणून बरोबरीच्या मुलींनी तिचं नाव शिडी पाडलं होतं. तिला त्याचं काही वाटत नसे. "क्लबातला बल्ब गेला की मलाच हाक मारतात," ती म्हणायची. "मेडल नाही मिळालं तरी नोकरी पक्की."

तिला क्लबात आणलं होतं मावशीनंच. ताई शिवणकामाच्या कारखान्यात दुपारच्या पाळीला जायची आणि शाळा सुटल्यावर पोरगी घरात एकटी राहायची. बारा वर्षांची होती तेव्हा. मावशी टॉवेल वाळत घालायची तिथल्या बाकावर बसून ती अभ्यास करायची. एक दिवस जाता जाता कोच थांबले, तिचे हात बघितले आणि म्हणाले, "ही कुणाची? हिला पोहता येतं का?" तिथून सात वर्षांत ती चौघींच्या बोटीत अशा जागी बसायला लागली, की तिच्या ठेक्यावर बाकीच्या तिघींची वल्ही पडत.

मावशीचं कागदावरचं काम साफसफाईचं. बोटघर झाडायचं, कपडे बदलायच्या खोल्या पुसायच्या, टॉवेल धुवायचे. बाटल्या भरायचं काम तिच्याकडे आपसूक आलं होतं. कधीतरी कोचचा मदतनीस नोकरी सोडून गेला, तेव्हा दोन दिवस म्हणून तिनं बाटल्या धुतल्या आणि भरल्या. दोन दिवसांची सहा वर्षं झाली. प्रत्येक बाटलीला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी असायची. शिडीची पिवळी. ताकदीची पावडर किती, पाणी कुठवर, कुणाला लिंबाचा वास आवडत नाही, हे सगळं तिला पाठ होतं, आणि ते पाठ आहे याचा तिला थोडा अभिमानही होता. झाडू मारणारं कुणीही मिळतं, हे काम विश्वासाचं, असं तिला वाटे.

मोठ्या शर्यतींना तीन महिने राहिले होते तेव्हा कोचनी एक पांढरा डबा आणला. डब्यावर कागद नव्हता.

"चौघींच्या बाटल्यांत नेहमीच्या पावडरीबरोबर याचा एकेक चमचा टाकायचा. सकाळच्या सरावानंतर," ते म्हणाले.

"सर, यावर काही लिहिलेलं नाही."

"मोठ्या पिंपातून काढून दिलीय, म्हणून. तुम्ही मोजून टाका मावशी, वाचायचं काम माझं."

ते हसून म्हणाले, आणि तीही हसली. कोच काही वाईट माणूस नव्हते. गुडघा दुखत असतानाही पोरींबरोबर काठाकाठानं सायकल हाणायचे. एकीच्या वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा चार दिवस दवाखान्यात बसून होते. त्यांच्यावर शंका घ्यायची म्हणजे कुठून सुरुवात करायची हेही तिला कळलं नसतं.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी शिडीनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "मावशी, हे कडू का लागतंय गं?"

"पी मुकाट्यानं. औषध कधी गोड असतं का?"

शिडी प्यायली. नंतर कधी तिनं विचारलं नाही. शर्यतीच्या आधी चौघींतल्या एकीचं पोट बिघडलं, शेवटचे दोन आठवडे ती नुसतं पाणी प्यायची. बाकीच्या तिघी बाटल्या रिकाम्या करून परत द्यायच्या.

शर्यतीत त्यांची बोट पहिली आली. क्लबाच्या इतिहासात मुलींची बोट पहिली येण्याची ती पहिलीच वेळ. लगेच तपासणीवाले आले आणि चौघींतल्या दोघींना चिठ्ठ्या टाकून निवडलं. एक शिडी, आणि दुसरी ती पोट बिघडलेली. लघवीचे नमुने घेतले, बाटल्यांना सील लावलं, सह्या घेतल्या. शिडी परत येताना हसत होती. "ती बाई दारात उभी राहून बघत होती मावशी. शेवटी मीच म्हटलं, नळ तरी सोडा."

पत्र आलं पाच आठवड्यांनी. शिडीच्या नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडलं होतं. दुसरी स्वच्छ.

ताईनं ते पत्र दोनदा वाचलं आणि मावशीपुढे ठेवलं. "ही काय घेत होती? तू तर दिवसभर तिथं असतेस."

मावशी तशीच उठली, चालत क्लबात गेली आणि बाटल्यांच्या खोलीतलं कपाट उघडलं. नेहमीच्या पावडरीचे चार डबे रांगेत होते. पांढरा डबा नव्हता. जिथं तो असायचा तिथली फळी कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून घेतली होती, आणि ते फडकं तिचं नव्हतं.

कोच तिला बोटघराच्या मागे भेटले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "ज्यानं दिली तो म्हणाला, थकवा जातो, बाकी काही नाही. गुडघ्यासाठी मी स्वतः घेत होतो."

"मग सर, तेवढंच सांगा ना त्यांना."

"सांगून काय होईल? नियम काय आहे माहितीये? अंगात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूची. कुणी दिलं, कसं दिलं, ते नंतरचं. मी सांगितलं तर मीही बुडेन आणि तीही वर येणार नाही."

"पण खरं तेच आहे ना."

कोच म्हणाले, "माझी दोन पोरं शाळेत आहेत, मावशी."

सेक्रेटरींनी तिला खोलीत बोलावून बसायला खुर्ची दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाहेर बोलू नका, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "तुम्हाला काय बोलायचं ते बोला. फक्त एक लक्षात घ्या. क्लबानं दिलं असं ठरलं तर क्लबाची मान्यता जाते. साठ मुलं उद्यापासून कुठं जातील?"

त्यांचंही खोटं नव्हतं. त्या साठांतली निम्मी मुलं तिनं लहानाची मोठी होताना पाहिली होती.

मेडल परत गेलं. बाकीच्या तिघी शिडीशी बोलेनाशा झाल्या. त्यांतल्या दोघींनी शेवटपर्यंत तेच प्यायलं होतं, पण त्यांच्या नावाची चिठ्ठी निघाली नव्हती. त्यांना खरंच वाटत होतं की शिडीनं चोरून काही घेतलं आणि त्यांच्या चार वर्षांच्या कष्टांवर पाणी फिरवलं. मावशीनं एकीला गाठून सांगायचा प्रयत्न केला, तर ती म्हणाली, "तुम्ही भाचीची बाजू घेणारच, मावशी. मी तुम्हाला दोष देत नाही." सुतार तेवढा रंधा मारता मारता पुटपुटला, "चोर सोडून संन्याशाला फाशी." पण साक्षीला येतोस का म्हटल्यावर त्यानं मान खाली घातली. डबा त्यानं पाहिला नव्हता, आणि न पाहिलेलं पाहिलं म्हणणारा तो माणूस नव्हता.

मावशीनं ठरवलं, सुनावणीत आपणच सगळं सांगायचं. ताईनं ओळखीतून एक वकील गाठली होती. तिनं ऐकून घेतलं आणि सांगितलं की बंदी चार वर्षांची असते. मुलीची चूक नव्हती हे पटलं तर दोन वर्षांवर येऊ शकते. "पण मावशी, विचारतील तेवढंच बोला."

आदल्या संध्याकाळी शिडी तिच्या घरी आली. दोघी भांडी घासायला उभ्या राहिल्या.

"तू नाही बोललीस तरी चालेल," शिडी म्हणाली.

"का चालेल?"

"तुझी नोकरी जाईल."

"जाऊ दे. नोकरी काय, झाडू तर कुठंही मारता येतो."

शिडी हसली नाही. तिनं एक ताट पुसलं आणि पुन्हा तेच ताट पुसलं.

सुनावणी एका कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबलाच्या पलीकडे तिघंजण. मधल्या बाई अध्यक्ष, आवाज शांत, प्रत्येक उत्तर पूर्ण होऊ देणाऱ्या. मावशीला वाटलं, या ऐकतील. आणि त्यांनी खरंच ऐकलं. डबा कधी आला, कुणी दिला, किती चमचे, कुठल्या बाटल्यांत, सगळं तिनं सांगितलं. कोचचं नावही घेतलं.

मग क्लबाचा वकील उठला. त्यानं आवाज चढवला नाही.

"तुमची नेमणूक कशासाठी आहे?"

"साफसफाईसाठी."

"बाटल्या भरायला तुम्हाला लेखी कुणी सांगितलं होतं?"

"लेखी नाही. सगळ्यांना माहीत होतं."

"तो डबा आता कुठं आहे?"

"नाहीये."

"क्लबात तुम्हाला सगळे मावशी म्हणतात. या खेळाडूची मात्र तुम्ही सख्खी मावशी आहात. बरोबर?"

"हो."

तो बसला. एवढंच त्याला हवं होतं. त्यानंतर कोच आले. आपण क्लबाच्या नेहमीच्या पावडरीखेरीज काही दिलं नाही, असं त्यांनी टेबलाकडे बघत सांगितलं. मावशी त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

शेवटी अध्यक्षबाईंनी मावशीला पुन्हा उभं केलं. त्यांचा प्रश्न मऊ होता. "तुम्ही म्हणता ते घटकाभर खरं धरू. ते पिताना मुलीला काही वेगळं जाणवलं का?"

वकीलबाईंनी डोळ्यांनी खुणावलं. पण मावशी खरं बोलायला आली होती, आणि तिला वाटलं, पोरीनं विचारलं होतं हे तर तिच्या बाजूचंच आहे.

"जाणवलं ना. कडू का लागतंय म्हणून तिनं मला विचारलं. मीच म्हटलं, पी. तिची काही चूक नाही, माझ्यावर विश्वास ठेवला तिनं."

अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं. वकीलबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. ते का ठेवलं, हे मावशीला पंधरा दिवसांनी निकाल हाती आला तेव्हा कळलं.

निकालात लिहिलं होतं की साक्षीदार खेळाडूची नातेवाईक आहे आणि तिच्या म्हणण्याला दुसरा पुरावा नाही. पुढे असंही होतं, की तिचं म्हणणं मान्य केलं तरी चव बदलल्याचं खेळाडूच्या लक्षात आलं होतं. तरीही तिनं ना चौकशी केली, ना पिणं थांबवलं. सबब शिक्षेत सूट देता येत नाही. बंदी चार वर्षं. क्लबाबाबत एकच ओळ होती, जबाबदारी निश्चित करता आली नाही.

"चौकशी केली नाही म्हणजे?" मावशी वकीलबाईंना म्हणाली. "मला विचारलं ना तिनं. सख्ख्या मावशीला विचारल्यावर आणखी कुणाला विचारायचं?"

वकीलबाई म्हणाल्या, "मला कळतंय."

ताई आठ दिवस बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस."

मावशीला वाटलं होतं क्लब तिला काढून टाकेल. कुणी काढलं नाही. सेक्रेटरींनी निरोप दिला की बाटल्या आता दुकानातून सीलबंद येतील, बाकी काम आहे तसं चालू ठेवा. तिनं दुसऱ्याच दिवशी खोल्यांच्या किल्ल्या नेऊन दिल्या आणि एका बँकेत फरशी पुसायचं काम धरलं. पण तेवढ्यानं तिचं समाधान होईना. शेजारच्या मास्तरांकडून तिनं सुनावणीच्या कचेरीला अर्ज लिहून घेतला. पावडर मी मिसळली, प्यायला मी लावलं, तेव्हा शिक्षा मला द्यावी आणि मुलीची कमी करावी. महिन्यानं उत्तर आलं. आपण नोंदणीकृत खेळाडू, प्रशिक्षक अथवा पदाधिकारी नसल्यानं आपल्यावर कारवाई करण्याची तरतूद नाही. आपल्या पत्राबद्दल आभार.

एकोणीस वर्षांच्या पोरीचं चार वर्षांनी खेळात काय उरतं हे क्लबातल्या कुणालाही विचारायची गरज नव्हती. बंदीच्या काळात तिला कुठल्याच क्लबाच्या आवारात सराव करता येत नव्हता. शिडीनं पार्सलच्या गोदामात नोकरी धरली. वरच्या फळ्यांवरच्या खोक्यांपर्यंत तिचा हात सहज पोचतो म्हणून मुकादम खूश होता.

मावशी मात्र थांबली नव्हती. जो भेटेल त्याला सांगायची. बँकेच्या शिपायाला, भाजीवालीला, शिडीच्या जुन्या वर्गमैत्रिणीच्या आईला. पोरीनं काही केलेलं नाही, मी भरली होती बाटली. लोक ऐकायचे, मान हलवायचे.

एका रविवारी शिडी आली आणि तिच्या पलंगाच्या कडेला टेकली. दुपारचं ऊन होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी मोटार धूत होतं.

"मावशी, एक सांगू? रागावणार नसशील तर."

"तुझ्यावर मी कशाला रागावू?"

"तू लोकांना सांगणं बंद कर."

"का गं?" मावशीनं विचारलं.

"तू सांगतेस ते माझ्यासाठी, हे मला कळतं. पण गोदामात कुणाला काही माहीत नव्हतं. परवा एकीनं विचारलं, तूच ती ना, औषधवाली? तिला कुणी सांगितलं म्हटलं, तर तुझंच नाव निघालं. तिनं गोष्ट अर्धीच लक्षात ठेवली होती. सगळे अर्धीच ठेवतात."

"मग मी काय करू?"

तिनं हे खरोखरच विचारलं होतं. शिडीनं थोडा विचार केला, काही सुचतंय का बघितलं, आणि शेवटी खांदे उडवले.

"काही नको करूस," ती म्हणाली. "माझ्यावर विश्वास आहे ना तुझा? माझाही तुझ्यावर आहे. पण आता यावर बोलायचं नाही. आपण दोघींनीसुद्धा नाही."

मावशीनं मान डोलावली. शिडी आणखी अर्धा तास बसली, मुकादमाच्या नकला केल्या, चहा प्यायली आणि पाच वाजता गेली. मावशी जिन्यापर्यंत सोडायला आली. खालच्या वळणावर शिडीला ओलांडून शेजारचे मास्तर वर आले, त्यांनी तिच्याकडे वळून बघितलं आणि मावशीला विचारलं, "त्या अर्जाचं पुढं काय झालं हो?"

मावशीनं तोंड उघडलं. मग म्हणाली, "काही नाही," आणि आत येऊन दार लावून घेतलं.