बत्तीसच्या बत्तीस खरे

धाकटीला कुणी मारलं हे पहिल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळं घोडं तिथंच अडलं.

ज्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं त्यानं मारलं. तिनं ऐन वेळी नाही म्हटलं, म्हणून मारलं. ती बेपत्ता होती तेव्हा तिचे फोटो भिंतीभिंतीवर चिकटवत हाच फिरत होता. ती सापडल्यावर हा स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात गेला, खुर्ची ओढून बसला, प्यायला पाणी मागितलं आणि म्हणाला, मी केलं. संपलं. एका माणसाला नाही ऐकायची सवय नव्हती आणि त्याच्या हातात जोर होता. यात छडा लावण्यासारखं काय आहे? काहीच नाही. आणि म्हणूनच ‘छडा’ नावाच्या ग्रुपला ही गोष्ट मुळीच पसंत पडली नाही.

हा ग्रुप म्हणजे रिकामटेकड्यांचा बाजार होता असं म्हणावं तर तेही खरं नाही. बहुतेक पोटापाण्याला लागलेले लोक. अ‍ॅडमिन ‘घारीची नजर’ बाथरूमच्या फरशा विकायचा. ‘शांत ज्वालामुखी’ म्हणून एक निवृत्त बाई होत्या, त्या फोटो मोठे करकरून भिंतीवरच्या सावल्या मोजायच्या. दिवसभर दुकानात, कचेरीत, बसमध्ये माना खाली घालून ही माणसं मेलेल्या मुलींची कोडी सोडवत. एखादी मुलगी साधेपणानं मेली की त्यांचा विरस व्हायचा.

त्यात खुनी दिसायला देखणा. त्याचा एक फोटो सगळीकडे फिरला होता, पांढऱ्याशुभ्र दातांची अख्खी रांग दाखवत हसणारा. ग्रुपनं त्याचं नावच ‘हसरा’ ठेवलं. “इतकं निर्मळ हसणारा माणूस खून करेल?” शांत ज्वालामुखी विचारायच्या. खाली शेकडो लोक नाही म्हणायचे. तो स्वतः हो म्हणत होता, पण त्याला विचारतो कोण.

मग यांच्या हाती मास्तर लागले.

मास्तर म्हणजे कोपऱ्यावरचे शिंपी. धाकटीनं त्यांच्याकडे एक ड्रेस शिवायला टाकला होता. ती नाहीशी झाली त्याच सकाळी त्यांनी तिच्या फोनवर निरोप बोलून ठेवला होता. तो तिच्या काकांनी, म्हणजे तिच्या वडिलांच्या सख्ख्या भावानं, कुणाला न विचारता ग्रुपवर टाकला. त्याबद्दल ग्रुपनं त्यांच्या नावापुढे ‘आतला माणूस’ अशी पाटी लावली, आणि आयुष्यात पहिल्यांदा काकांची छाती फुगली.

निरोप असा होता: “पोरी, तुझा गळा कापून ठेवलाय. तू म्हणालीस तेवढा खोल घेतलाय. बाह्या काढल्यात. कमरेत दोन्हीकडून दाबायचं तेवढं राहिलंय. दुपारी येऊन जा, पण आईला आणू नकोस, तिला एवढा खोल गळा चालणार नाही.”

जन्मभर कपडे शिवून घेतलेल्या लोकांनी हे ऐकलं. त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या आईनं कधी ना कधी शिंप्याला गळा मोठा झाला म्हणून झापलेलं असणार. तरी त्यातल्या एकाच्याही डोक्यात शिवणाचं मशीन आलं नाही. घारीच्या नजरेनं लिहिलं, “कबुलीजबाब यापेक्षा स्पष्ट काय हवा?”

मास्तरांच्या दुकानासमोर माणसं येऊन उभी राहू लागली. फोटो काढू लागली. कात्रीचा फोटो तर इतका फिरला की एका दुकानानं तशीच कात्री विकायला काढली. पोलीस येऊन हसून गेले, पण मास्तरांचं हसू पळालं ते पळालंच. त्यांनी आपल्या धंद्याची भाषाच टाकली. धाकटीची थोरली बहीण एकदा दुकानात गेली तेव्हा ते एका गिऱ्हाईक बाईंना समजावत होते.

“हे जे मानेच्या जवळचं असतं ना, तिथं मी थोडी मोकळीक केली आहे.”

“म्हणजे गळा कापलात?”

“मी असं काही म्हटलेलं नाही,” मास्तर दाराकडे बघत म्हणाले. “आणि हात जिथून बाहेर येतात ती नळकांडी नंतर जोडीन.”

“बाह्या?”

“तुम्ही म्हणा. मी म्हणणार नाही.”

बाई कापड घेऊन दुसरीकडे गेल्या. थोरली म्हणाली, “मास्तर, असं किती दिवस चालणार?”

“पोरी,” मास्तर म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. “बाई. मॅडम. मी आता फक्त पडदे शिवतो. पडद्याला अवयव नसतात.”

हसण्यासारखंच होतं सगळं, थोरलीच्या जागी दुसरं कुणी असतं तर. पण हसऱ्यानं वकील केला होता. तो वकील सांगत होता की कबुली मारझोड करून घेतली, माझा अशील दुःखानं वेडापिसा झाला होता, तो काय बोलला त्याचं त्याला भान नव्हतं, आणि जनतेनंच खरा आरोपी शोधून काढलाय. जामिनाचा अर्ज दाखल झाला होता. सुनावणी तोंडावर आली होती. तो सुटला असता तर याच रस्त्यानं, याच दुकानासमोरून, दात काढत फिरला असता. आई खिडकी उघडत नव्हती ती याच धास्तीनं.

काका रोज सकाळी येऊन ग्रुपची बातमी द्यायचे.

“मंडळाचं मत असं पडतंय की मुलगा निर्दोष आहे.”

“काका, त्यानं स्वतः सांगितलंय.”

“तेच तर. खरा खुनी कधी सांगतो का? तू अभ्यास कर जरा.”

“तुम्ही तिला खांद्यावर बसवून फिरवलंय.”

“म्हणून तर रात्रंदिवस राबतोय,” काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच भरून आला. हे त्यातलं सगळ्यात वाईट. माणूस लबाड असता तर त्याला दाराबाहेर काढता आलं असतं.

थोरलीनं आधी सरळ वाट धरून पाहिली. ‘शेजारीण’ या नावानं ग्रुपमध्ये शिरून तिनं लिहिलं की गळा म्हणजे ड्रेसचा गळा, बाह्या म्हणजे ड्रेसच्या बाह्या. उत्तर आलं, “मग ड्रेस असा शब्द त्यानं एकदाही का वापरला नाही?” तिनं लिहिलं की मुलानं कबुली दिली आहे. उत्तर आलं, “पोलिसांची भाटगिरी इथं नको.” शांत ज्वालामुखींनी तिला सभ्य शब्दांत गप्प बसायला सांगितलं, कारण ती भावनेच्या आहारी गेलेली दिसत होती.

खऱ्याला इथं कुत्रं विचारत नव्हतं. मग तिनं खऱ्यालाच वेष घालायचं ठरवलं.

“सगळे फसलात,” तिनं लिहिलं. “हसऱ्यानं कबुली का दिली, याचा विचार केलात? जो कबूल करतो त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. आपल्यावर कुणाचा संशय येऊ नये म्हणूनच त्यानं कबुली दिली.”

मग जे काही सुरू झालं त्याला तोड नाही. केवढी चाल. केवढं थंड डोकं. आम्हाला पहिल्यापासून त्याचं हसणं खटकत होतं, असं तेच लोक लिहू लागले. ज्या सावल्यांनी मास्तरांना अडकवलं होतं त्या रातोरात वळून हसऱ्याकडे बोट दाखवू लागल्या. जे पोलिसांनी केव्हाच कागदावर मांडलं होतं तेच सगळं या मंडळींनी फिरून एकदा, घाम गाळून, उलट्या बाजूनं शोधून काढलं.

मग घारीच्या नजरेनं विचारलं, “शेजारीण, पण हेतू काय?”

तिनं लिहिलं, “तिनं लग्नाला नाही म्हटलं.”

“ते ठीक. पण खरा हेतू?”

“हाच.”

“एवढंच?” शांत ज्वालामुखींनी लिहिलं. “मुली नाही म्हणतातच. हे पटत नाही. मुलीचं बाहेर काही होतं का, ते बघायला हवं. शिंप्याशी?”

थोरली तेव्हा कामावर होती. दातांच्या प्रयोगशाळेत ती कवळ्या बनवायची. समोर ओळीनं साच्यांतले जबडे मांडलेले, हातात मेण, नाकात आम्लाचा वास. ‘एवढंच’ हा शब्द तिनं पुन्हा वाचला. हातातला जबडा इतका दाबला गेला की मेणात बोटं उमटली. धाकटीचं मरण त्यांना पुरत नव्हतं. त्यावर तिच्या अब्रूची फोडणी हवी होती. तर घ्या, तिनं मनात म्हटलं, पण अब्रू धाकटीची नाही मिळणार.

या धंद्यात राहून ती एक गोष्ट शिकली होती. इथं येणारा पुरुष कर्जं सांगतो, बायकोला मारल्याचं हसत हसत सांगतो, पण पुढचे दोन दात खोटे आहेत हे सख्ख्या भावाला कळू देत नाही. कवळी घ्यायला मागच्या दारानं येतो.

तिनं लिहिलं, “हसऱ्याचे दात खोटे आहेत. वरची अख्खी कवळी. लग्न ठरल्यावर मुलीला कळलं. ती सगळ्यांना सांगणार होती. म्हणून मारलं.”

यावर एकानंही पुरावा मागितला नाही. हे सगळ्यांना एकदम पटलं. नाही म्हटलं म्हणून कुणी मारतं यावर ज्यांचा विश्वास बसत नव्हता, त्यांचा कवळीवर बसला. फोटोतला एकेक दात मोठा करून पाहिला गेला. “खरे दात इतके सारखे असूच शकत नाहीत,” शांत ज्वालामुखींनी निर्वाळा दिला. कुणीतरी त्याला ‘कवळीकुमार’ म्हटलं आणि त्या दिवसापासून हसरा हे नाव पुसलं गेलं. पोराटोरांनी तोंडाचं बोळकं करून त्याच्या नकला केल्या, त्या त्याच्या घरापर्यंत गेल्या, आणि घरच्या भेटीच्या दिवशी तुरुंगातही पोचल्या.

सुनावणीला कोर्ट भरलं होतं. मागच्या बाकांवर ‘छडा’चे लोक गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे घालून बसले होते, एखाद्या परिषदेला आल्यासारखे. तो पिंजऱ्यात उभा होता, तोंड घट्ट मिटून. थोरलीला पहिल्यांदाच त्याचे दात दिसत नव्हते.

त्याचा वकील उठला. “बाईसाहेब, माझा अशील निरपराध आहे. जनतेनं स्वतः शोध घेऊन—”

“ती जनता आता वेगळं म्हणतेय,” सरकारी वकील बसल्या जागेवरूनच म्हणाला. “ती म्हणते आरोपीनंच मारलं. कवळीचं गुपित फुटू नये म्हणून.”

मागच्या बाकांवर खसखस पिकली. न्यायाधीशबाईंनीही, खरं सांगायचं तर, एकवार आरोपीच्या तोंडाकडे पाहिलं. तेवढं पाहणं पुरलं.

“खोटं आहे,” तो म्हणाला.

“तुम्ही काही बोलू नका,” त्याचा वकील पुटपुटला.

“खोटं आहे हे. माझे दात खरे आहेत. बत्तीसच्या बत्तीस. या, ओढून बघा.” त्यानं दोन बोटांनी ओठ वर केला आणि कोर्टाला हिरड्या दाखवल्या. शिपाई पुढे झाला आणि तिथंच थबकला, कारण ओढून बघा हा हुकूम मानायचा की नाही हे त्याला कळेना.

“गप्प बस रे बाबा,” वकील म्हणाला. आता त्याला अहो-जाहो सुचत नव्हतं.

“का गप्प बसू? सगळं गाव मला बोळक्या म्हणतंय. बाईसाहेब, लिहून घ्या. ती मला नाही म्हणाली म्हणून मी तिला मारलं. मला. नाही म्हणाली. दातांचा काही संबंध नाही.”

“तुम्हाला हे बोलायला कुणी भाग पाडलं आहे का?” बाईंनी विचारलं.

“कुणाची टाप आहे,” तो म्हणाला. “पोलिसांनी बोटसुद्धा लावलं नाही. तेव्हाही मीच सांगितलं होतं, आताही मीच सांगतोय. दातांचं मात्र नीट लिहा.”

वकिलानं फाइल बंद केली आणि तिच्यावर कपाळ टेकलं. जामीन फेटाळला गेला. बाहेर व्हरांड्यात ‘छडा’च्या लोकांनी एकमेकांचे हात हातात घेऊन अभिनंदन केलं, आणि लगेच वाद सुरू झाला. दात खरे निघाले, म्हणजे ते आत, तुरुंगात, कुणीतरी बदलून दिले. कुणी दिले?

संध्याकाळी काका घरी आले. खिडकी उघडी होती. आई तिथंच बसली होती.

“काय झालं?” तिनं थोरलीला विचारलं.

“सुटला नाही.”

“आणि तिनं नाही म्हटलं होतं, ते लिहून घेतलं का?”

“घेतलं. त्यानंच सांगितलं, सगळ्यांसमोर.”

आईनं मान हलवली. काकांना मात्र राहवेना. ते फोन पुढे करत म्हणाले, “पण वहिनी, मंडळाला ते कारण काही पटत नाही बघा. एवढ्याशा कारणानं…”

“त्यांना कशाला पटायला हवं, भावजी?” आई म्हणाली. “तिला तो पटला नव्हता. तेवढं पुरे होतं.”

काकांचे डोळे भरले. मग चष्मा पुसून त्यांनी फोन हातात घेतला आणि हळूच विचारलं, “हे ग्रुपवर टाकू?”